दोन फुटांचं हिरवं कुंपण खालून उघडं का पडतं

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत, सात मजली इमारतीच्या मागे, मुलांच्या खेळायच्या जागेला लागून ४० फूट लांबीची पट्टी आहे. तिथे दोन-अडीच फूट उंचीचं, दाट, बारा महिने हिरवं राहणारं कुंपण हवंय. आधी दोनदा सोनेरी ड्युरांटा लावून झाला. दोन्ही वेळा दीड-दोन वर्षांत वर पानांची टोपी आणि खाली नुसत्या काड्या. आता त्यांनी परदेशातल्या बागांचे फोटो पाहून विचारलंय, की बॉक्सवुड मुंबईत येईल का, आणि येत नसेल तर तसंच गच्च राहणारं दुसरं झुडूप कोणतं?

मी २४ वर्षं मुंबई-ठाण्यात सोसायट्यांच्या आणि काही शाळांच्या बागा सांभाळतोय. कुंपणाची कामं त्यात सगळ्यात जास्त. त्यावरून सांगतो, ताई, तुमचा खरा प्रश्न झाडाच्या नावाचा नाहीच. दोनदा लावलेलं झाड दोन्ही वेळा खालूनच उघडं पडलं, म्हणजे पट्टीवरच्या उजेडात, मातीत किंवा कापण्याच्या पद्धतीत काहीतरी आहे. ते तसंच ठेवून तिसरं झाड लावलं, तर तेही त्याच वाटेने जाईल. झाडाचं नाव मी सांगणार आहेच. पण तुमच्या पट्टीवर ऊन किती पडतं हे मला माहीत नाही, आणि उत्तर बरंचसं त्यावर फिरतं.

आधी बॉक्सवुडचं संपवू. ते मूळचं दक्षिण युरोप आणि पश्चिम आशियाकडचं. त्याला थंड हिवाळा आणि पाणी न साचणारी जमीन लागते. आपल्याकडे हिवाळा नावापुरता, आणि सांताक्रूझला वर्षाला सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मी हौसेने कुंड्यांमधून दोन पावसाळे करून पाहिलं. पहिल्या पावसाळ्यानंतर पानं पिवळट पडली, दुसऱ्यात मुळं सडली. चाळीस फुटांचा खर्च त्यावर करू नका. मोरपंखीचंही तेच. ऊन भरपूर असेल तर ती इथे जगते, पण तिच्या उघड्या पडलेल्या जुन्या लाकडातून पुन्हा पालवी येत नाही. एकदा भोक पडलं की ते कायमचं. जिथे मुलं खेळणार आणि चेंडू येणार, तिथे ज्याच्या जुन्या फांदीतून नवी पालवी फुटते असंच झाड हवं.

आता काड्या का राहतात ते. पार्ल्याच्या एका बागेत मी नव्या पोराला शिकवताना गुडघ्यावर बसून ड्युरांटाचं कुंपण दोन्ही हातांनी बाजूला केलं होतं. बाहेरून ते सोन्यासारखं पिवळं, चौकोनी, सरळ रेषेत कापलेलं. आत हात घातला तर पानांचा थर जेमतेम चार बोटं जाड. त्याच्या मागे करड्या वाळक्या काड्यांचं जाळं, त्यात अडकलेली वेफरची पाकिटं, आणि तळाशी ओलसर काळोख. पोरगं म्हणालं, "काका, हे आतून मेलंय." मेलं नव्हतं. पानाला उजेड मिळेनासा झाला की झाड ते पान सोडून देतं, एवढंच झालं होतं. वरच्या कडेची पानं दाट झाली, त्यांनी खालच्यांवर सावली धरली, आणि खालच्या फांद्या एकेक करून रिकाम्या झाल्या.

ड्युरांटामध्ये हे लवकर होतं, कारण तो वाढीला फार वेगवान. पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी कापावा लागतो. माळी काय करतो, तर उभ्या उभ्या हाताला येतो तो वरचा भाग कापतो आणि पुढे जातो. प्रत्येक कापणीला वरचा भाग जास्त दाट होतो. वर्षभरात कुंपण वर रुंद आणि खाली अरुंद, घमेल्यासारखं होतं. त्या आकारात खाली ऊन पोचायला वाटच उरत नाही. शिवाय सोनेरी ड्युरांटाचा तो पिवळा रंग उन्हाचाच असतो. सावलीत तो फिक्कट हिरवा पडतो आणि लांब लांब पेरं टाकतो.

पेरं हा शब्द लक्षात ठेवा. फांदीवर दोन पानांमधलं अंतर म्हणजे पेरं. नर्सरीवाला 'कॉम्पॅक्ट' म्हणतो त्याचे दोन अर्थ असू शकतात. एक, मुळातच आखूड पेरांचं झाड, जे न कापताही भरलेलं दिसतं. दुसरा, लांब पेरांचं झाड, पण कातरीने सतत दाबून आखूड ठेवलेलं. नर्सरीत दोन्ही सारखीच गोंडस दिसतात. फरक कळायला कापायच्या आधीची एखादी नवी फांदी शोधा आणि दोन पानांमध्ये किती बोटं बसतात ते बघा. एक बोट बसलं तर ते तुमच्या कामाचं. तीन बोटं बसली तर माळी दर पंधरा दिवसांनी येणार असेल तरच घ्या.

आता ऊन. इथे बहुतेक लोक चुकतात, मीही सुरुवातीला चुकायचो. आपण बागेचं काम ठरवतो मे महिन्यात, कारण पुढे पाऊस येणार असतो. मे महिन्यात मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर असतो. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य उलट किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. इमारतीची उत्तरेची बाजू तेव्हा उन्हाने न्हाऊन निघते आणि आपल्याला वाटतं, इथे भरपूर ऊन आहे. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दुपारीसुद्धा ४७-४८ अंशांपर्यंतच चढतो आणि सावली उत्तरेला पडते. तुमची सात मजली इमारत धरा ७० फूट उंच. तिची डिसेंबरातली भर दुपारची सावली साठ-पासष्ट फुटांपर्यंत जाते. म्हणजे तुमची पट्टी इमारतीच्या उत्तरेला आणि तिच्या अगदी जवळ असेल, तर ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिला जवळपास थेट ऊनच नाही. पावसाचे महिने ढगाळ. मग वर्षातून जेमतेम तीन महिन्यांच्या उन्हावर ड्युरांटाने दाट राहावं तरी कसं?

म्हणून माझा आग्रह असा, की डिसेंबरच्या एखाद्या रविवारी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा. इतकं थांबायचं नसेल तर निदान दिशा मोजा. इमारत पट्टीच्या दक्षिणेला आहे का, आणि किती फुटांवर, एवढं कळलं तरी पुष्कळ. मोठ्या झाडाची सावली असेल तर स्वतःहून फांद्या छाटू नका. महाराष्ट्रात शहरांमधल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सोसायटीने रीतसर अर्ज केला की पाहणी होते. ते काम पावसाळ्याच्या आधी मार्गी लावलं तर उजेडही येतो आणि वाऱ्यात फांदी पडायचा धोकाही जातो.

आता झाडाचं नाव. तुमच्या पट्टीला रोज चार तास किंवा जास्त थेट ऊन असेल, तर माझं उत्तर कामिनी. नर्सरीत मधुकामिनीही म्हणतात, आपल्या जुन्या लोकांना ती कुंती म्हणून माहीत आहे. कढीपत्त्याच्या जवळच्या नात्यातली आहे ती, पान चुरगाळलं की लिंबाच्या कुळाचा वास येतो. गडद हिरवी, चकचकीत, लहान पानं. वाढ सावकाश, पेरं आखूड, आणि जुन्या लाकडातून पालवी फुटते. वर्षातून पाच वेळा कापली तरी पुरते. पाऊस पडून गेल्यावर आठवड्याभरात पांढऱ्या फुलांचा बहर येतो आणि सगळ्या आवाराला वास लागतो. मोकळी सोडली तर ती दहा-पंधरा फुटांचं लहान झाड होते, म्हणून दोन फुटांसाठी घेताना बुटकी जात मागा. मिनी कामिनी या नावाने ती मिळते. पान अगदी बारीक, आणि न कापता साधारण तीन फुटांच्या आसपास थांबते. बॉक्सवुडच्या फोटोच्या सगळ्यात जवळ जाणारं, मुंबईत टिकणारं झाड माझ्या अनुभवात हेच. तिचा एक दोष सांगायलाच हवा. पाणी साचलेलं तिला अजिबात चालत नाही. जवळ लिंबाची झाडं असतील तर त्यांच्यावर येणारी सिला कीड तिच्यावरही येते, तेव्हा कुणाची लिंबं असतील तर त्यांना आधी विचारा.

एक्झोराबद्दल तुम्हाला हमखास सुचवलं जाईल. मलाही तो आवडतो. कोकणात, आंबट अंगाच्या लाल जांभ्या मातीत, तो बघण्यासारखा येतो. मुंबईतल्या सोसायटीच्या आवारात मात्र जमिनीत बांधकामाचा राडारोडा असतो. काही वर्षांपूर्वी मी एका नव्या इमारतीच्या कुंपणाला लागून शंभर-सव्वाशे मिनी एक्झोरा लावले. चार महिन्यांत नवी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. खतं घातली, काही फरक नाही. शेवटी एक रोप उपटलं तर दोन वितीवर सिमेंटचे गठ्ठे, प्लास्टरचे तुकडे, टाइल्सचा चुरा. सिमेंटमधल्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि त्यात लोह असूनही एक्झोराला घेता येत नाही. चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, फवारणी केली की महिनाभर पानं हिरवी होतात, पुन्हा पिवळी पडतात. ते सगळं कुंपण शेवटी काढावं लागलं. आधी जमीन खणून बघितली असती तर सोसायटीचे पैसे वाचले असते, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. तेव्हापासून मी पहारीने तीन ठिकाणी दीड फूट खणल्याशिवाय कुठल्याच झाडाचं नाव सांगत नाही.

ऊन दोन-तीन तासच असेल तर कामिनी जगेल, पण विरळ राहील. तिथे बुटका शेफलेरा किंवा अरेलिया लावा. यांचं कुंपण फोटोतल्यासारखं रेघ ओढल्यासारखं दिसत नाही, थोडं सैल, पानापानांचं दिसतं. पण सावलीत खालपर्यंत भरलेलं राहतं, आणि तुम्हाला तेच हवंय. मालपिगिया नावाचं एक झुडूपही आहे, काटेरी कडांची चिमुकली पानं, फार सावकाश वाढतं. दीड फुटाच्या काठासाठी सुंदर, पण चाळीस फूट भरायला तुम्हाला तीन-चार वर्षांचा धीर लागेल.

हे उत्तर वाचणारे काही जण वरळी, वांद्रे किंवा वर्सोव्याचे असतील, त्यांच्यासाठी एक वेगळी गोष्ट. समुद्रासमोरच्या आवारात पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा खारा वारा कामिनीच्या कडा जाळतो. तिथे कोयनेल लावा, वनजाई म्हणतात तीच. आपल्या खाडीकाठी कांदळवनाच्या कडेला ती आपोआप उगवते, खारं पाणी, खारा वारा, काहीही सोसते. वाढते मात्र जोरात, कातर सारखी चालवावी लागते. करवंदही उन्हाच्या, कोरड्या जागी उत्तम कुंपण होतं आणि ते आपल्या सह्याद्रीचंच. पण काटे आहेत, म्हणून मुलांच्या खेळायच्या जागेजवळ नको. तसंच कण्हेर नको, पिवळी असो वा लाल, दोन्ही विषारी. ड्युरांटाची पिवळी फळंही मुलांच्या तोंडात जाता कामा नयेत. नियमित कापलेल्या कुंपणावर ती फारशी धरत नाहीत, पण एखादा कोपरा सुटला की झुबके लागतात. तुमच्या पट्टीवर तशी फळं आत्ता असतील तर आजच तोडून टाका.

तर इथवर एवढं झालं: डिसेंबरचं ऊन मोजा, जमीन खणून बघा, चार तास ऊन आणि निचरा असेल तर मिनी कामिनी, नसेल तर शेफलेरा किंवा अरेलिया. आता लावायचं कसं.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. फूटभर खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत उतरलं तर ठीक. संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं तर मुळं पावसाळ्यात बुडणार. अशा वेळी चराच्या तळाशी खडीचा थर घालून भागत नाही, कारण त्या खडीतलं पाणी जाणार कुठे? चराला एका टोकाकडे उतार द्या आणि भोकं पाडलेला पाइप पावसाच्या पाण्याच्या गटारापर्यंत न्या. नाहीतर वाफा जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच करा. मी बहुतेक ठिकाणी उंच वाफाच करतो. स्वस्त पडतो आणि पुढे काही बिघडत नाही.

चर दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल. तुमच्या चाळीस फुटांना ते होतात ९० घनफूट, म्हणजे एक ब्रासला थोडं कमी. राडारोडा निघाला तर सगळा बाहेर काढा, तो चाळून पुन्हा भरू नका. लाल माती तीन भाग आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, वर निंबोळी पेंडीची एखादी पाटी. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत तयार होत असेल तर ते वापरा, पण हातात घेऊन वास बघा. मातीचा वास आला तर तयार आहे. आंबूस किंवा उग्र वास आला तर अजून महिनाभर थांबा, नाहीतर ते मुळांशी कुजत बसेल. ट्रकने आलेली माती पहिल्या पावसात दोन-तीन इंच बसते, म्हणून चर काठोकाठ न भरता वर वरंबा ठेवा.

रोपं घेताना उंच रोप बघून भुलू नका. एकाच खोडावर दोन फूट गेलेल्या रोपापेक्षा तळापासून चार-पाच फांद्या फुटलेलं नऊ इंचांचं रोप शंभर पटीने चांगलं. खोडाचा तो खालचा उघडा भाग पुढे आपोआप भरत नाही, हे लोकांना दोन वर्षांनी कळतं. पिशवी फाडून एक रोप बघू द्या असं सांगा. चिकण मातीचा घट्ट गोळा असेल तर लावण्याआधी तो पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने सुटी करा. नाहीतर मुळं गोळ्यातच फिरत बसतात, तुमच्या नव्या मातीत उतरतच नाहीत. अंतर एक फूट, एकच ओळ. चाळीस रोपं लागतील, पण पंचेचाळीस घ्या. वरची पाच कुंड्यांमध्ये वाढवा आणि त्यांनाही तशीच कातर लावत राहा. वर्षभरात एखादं मरतंच. तेव्हा त्याच वयाचं, त्याच घडणीचं रोप हाताशी असलं की भोक दिसत नाही. रोपाचा गोळा आजूबाजूच्या मातीपेक्षा इंचभर वर राहू द्या. खोडाला माती चढवली की पावसात साल कुजते.

वेळ म्हणाल तर मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. पहिल्या सरीला घाई करू नका, पाऊस स्थिरावू द्या आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत लावून टाका. म्हणजे ऑक्टोबरचा उन्हाळा यायच्या आत मुळांना तीन महिने मिळतात. जागा पाणथळ असेल आणि निचऱ्याचं काम राहून गेलं असेल, तर मात्र गणपतीनंतर लावलेलं बरं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि इथेच कमिटीतले लोक माझ्याशी भांडतात. लावल्या लावल्या रोपाचा वरचा तिसरा हिस्सा कापा. नऊ इंचांचं रोप सहा इंचांवर आणा. पैसे देऊन आणलेलं रोप कापताना हात अडखळतो, मला कळतं. पण शेंड्यातून एक संप्रेरक खाली उतरत असतं आणि ते बगलेतल्या कळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा गेला की त्या कळ्या जाग्या होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात. ही कापणी जमिनीपासून वितीच्या आत झाली, तरच कुंपण जमिनीपासून भरतं. ऑगस्टच्या शेवटी नवी वाढ चार इंच झाली की तिच्यातली दोन इंच ठेवून बाकीची कापा. असं करत दोन फूट गाठायला दोन वर्षं लागतील. एकदम दोन फूट जाऊ दिलं आणि मग वरून सपाट केलं, की तुमच्या ड्युरांटाचीच गोष्ट पुन्हा घडते.

आकार खाली रुंद, वर अरुंद. अडीच फुटांच्या कुंपणाला तळ २० इंच आणि माथा १४ इंच. डोळ्याला हा उतार जाणवतही नाही, पण खालच्या पानांवर ऊन पडतं. माझ्याकडे एक माळीकाका होते, ते दोन्ही टोकांना बांबू रोवून तळाला एक आणि माथ्याला एक अशा दोन सुतळ्या ताणायचे. माथ्याची सुतळी तीन इंच आत. कुंपणाच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग बसून, खालून वर कापत यायचे. खालून वर का, असं विचारलं तर म्हणाले, "वरून सुरू केलं की खाली येईतो हात थकतो, आणि थकलेला हात खाली जास्त खातो." मी आजही नव्या माळ्याला बसूनच कापायला लावतो. कातर धारदार हवी. बोथट पात्याने पान कापलं जात नाही, चिरडलं जातं. दोन दिवसांनी सगळ्या कुंपणाला तपकिरी कड येते आणि लोक रोग समजून औषध मारतात.

कुंपण उभं राहिल्यावर वर्षाच्या कापण्या मी अशा धरतो: जूनच्या पहिल्या आठवड्यात जोरदार, जुलैच्या शेवटी हलकी, सप्टेंबरच्या मध्यावर नीट आकार देऊन, नोव्हेंबरच्या शेवटी आणि फेब्रुवारीत वरवर. एप्रिल-मेमध्ये खोल कापू नका. आतली कोवळी पानं अचानक उन्हात उघडी पडली की भाजतात. कामिनीची फुलं हवी असतील तर सप्टेंबरच्या कापणीनंतर महिनाभर तिला हात लावू नका. फुलं शेंड्यांवरच येतात.

पाणी पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे दिवसाआड, रोपाला दोन-तीन लिटर, बुंध्याशी आणि सावकाश. वरून पाइपने पानं धुतली म्हणजे पाणी दिलं असं होत नाही. बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा चव बघा. मचूळ असेल तर पानांच्या टोकांना जळल्यासारखी कड येते. तेव्हा पावसात धुऊन निघेपर्यंत जमेल तेवढं गोडं पाणी द्या. बुंध्याशी पालापाचोळ्याचा दोन इंच थर ठेवा, खोडापासून चार बोटं सोडून. खत वर्षातून दोनदा पुरतं. जूनमध्ये शेणखत, आणि सप्टेंबरच्या कापणीनंतर सुफला १५:१५:१५, दर मीटरला ३०-४० ग्रॅम, ओल्या मातीत मिसळून. जास्त नत्र दिलं की पेरं लांबतात, आणि आपण आखूड पेरांसाठीच एवढं सगळं केलं होतं.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण सगळ्यात त्रासदायक. फांदीच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं आणि पानांवर काळी काजळी धरली की तोच समजा. मुंग्या त्याला इकडून तिकडे नेतात, म्हणून मुंग्यांची वारुळं आधी बघा. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, भांड्याच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. पावसाळ्यात ते धुऊन जातं, तेव्हा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने ढेकूण उडवणंच जास्त उपयोगी. मोठ्या आफ्रिकन गोगलगायी मात्र पावसाळ्यात नवी रोपं एका रात्रीत साफ करतात. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. ते पाणी झाडांत ओतायचं नाही. पहिल्या जुलैत हे आठवड्यातून दोनदा केलं तर पुढे फार त्रास होत नाही.

आत्ता उभा असलेला ड्युरांटा लगेच उपटू नका. जूनपर्यंत तो मुलांना आडोसा देतोय, राहू द्या. मेच्या शेवटी त्याची दोन रोपं मुळासकट खणून काढा, एक इमारतीकडच्या टोकाचं आणि एक लांबच्या टोकाचं, आणि मुळं किती खोल गेलीत, खाली काय लागतं ते बघा. मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळलेली दिसली तर खाली राडारोडा किंवा घट्ट थर आहेच. त्या खड्ड्यांचे फोटो, पट्टीची दिशा आणि इमारतीपासूनचं अंतर इथे कळवा. दोन टोकांना उजेड वेगळा निघाला तर अर्ध्या पट्टीला कामिनी आणि अर्ध्या पट्टीला शेफलेरा अशी जोडणीही करता येते. दोन्हींच्या मध्ये दोन फुटांची वाट सोडली की ती मुद्दाम केल्यासारखी दिसते, आणि मुलांना चेंडू आणायला कुंपणातून घुसावंही लागत नाही.